जंगल फाल्गुनात, समुद्र पौषात

सहलीचा बेत ठरतो तेव्हा घरात पहिला प्रश्न 'कुठे जायचे' हा असतो. 'केव्हा जायचे' हे मुलांच्या शाळेचे वेळापत्रक आणि कार्यालयातील रजा परस्पर ठरवून टाकतात. तरुण शरीर ही तडजोड निभावून नेते. पण ज्या बेतात सत्तरी ओलांडलेले आईवडील सामील आहेत, त्या बेतात स्थळापेक्षा काळ महत्त्वाचा ठरतो. वाचकहो, जंगल आणि समुद्र या आपल्याकडच्या दोन लाडक्या सहली आहेत, म्हणून ऋतूंच्या अंगाने आज त्यांचाच विचार करू.

प्रथम ताडोबा. चंद्रपूर जिल्ह्यातील या व्याघ्रप्रकल्पाचा गाभा १ ऑक्टोबरपासून ३० जूनपर्यंत खुला असतो आणि पावसाळ्याचे तीन महिने बंद राहतो. दर मंगळवारीही तेथे सुट्टी असते. वाघ हमखास पाहायचा तर एप्रिल-मे गाठा, असे जाणकार सांगतात, आणि ते खोटे नाही. त्या दिवसांत पाणवठे आटतात, झाडांची पाने झडतात आणि उरलेल्या पाण्याच्या आधाराने जनावरे उघड्यावर येतात. मात्र त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारची फेरी उघड्या जिप्सीत, ऐन उन्हात सुरू होते. वाघाला सोयीचा तो काळ वृद्धाला सोयीचा नसतो, हे आधी मान्य करावे.

यामागचे शरीरशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा तशी मागणी करत नाही. घाम येण्याची आणि त्वचेकडे रक्त वळवून उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताही घटते. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळून जातो, त्यामुळे किती पाणी गेले हे कळतच नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू असेल, तर ही तूट अधिक वेगाने वाढते. काही मानसोपचाराच्या, ॲलर्जीच्या आणि मूत्राशयाच्या औषधांनी घाम कमी होतो. म्हणून प्रवासापूर्वी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि कोणती मात्रा, कोणत्या वेळी, हे विचारून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हा उपाय नव्हे.

मग जंगलासाठी योग्य काळ कोणता? माघाचा उत्तरार्ध आणि फाल्गुन, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ. पहाटेचा कडाका ओसरलेला असतो, दुपार अजून तापलेली नसते, पानगळीमुळे झाडीतून दूरवर दिसते आणि पळस फुललेला असतो. व्याघ्रदर्शनाची शक्यता मे महिन्यापेक्षा थोडी कमी असेल, पण सहल सोसण्याजोगी राहते. दुसरा काळ नोव्हेंबरचा. तेव्हा जंगल हिरवे आणि दाट असते, प्राणी कमी दिसतात, पण हवा सुखद असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटेची फेरी कडाक्याच्या थंडीत, वाऱ्याच्या झोतात होते. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, दमेकऱ्यांची श्वासनलिका आवळते. छातीत दुखण्याचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या दिवसांत पहाटेऐवजी दुपारची फेरी घ्यावी.

ऋतू साधला तरी जिप्सीचे धक्के उरतातच. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या मणक्याला एखाद्या जोरदार हादऱ्यानेही चिरफळी पडू शकते. अशा व्यक्तीला मागच्या चाकांवरील आसन कधीही देऊ नये. पुढच्या रांगेत, कमरेमागे छोटी उशी ठेवून बसवावे आणि गाडी सावकाश हाकण्याविषयी चालकाला आधीच सांगावे. चढण्या-उतरण्यासाठी बुटके स्टूल सोबत घेतले, तर गुडघे बदललेल्यांची मोठी सोय होते. फेरी तीन-साडेतीन तासांची असते आणि वाटेत स्वच्छतागृहे मोजकीच. प्रोस्टेटचा त्रास असलेले अनेक गृहस्थ या भीतीने पाणीच पीत नाहीत आणि एक अडचण टाळताना दुसरी ओढवून घेतात. थांबा कोठे आहे हे मार्गदर्शकाला विचारून ठेवावे आणि पाणी घोट घोट चालू ठेवावे.

आता समुद्र. कोकणचा उन्हाळा पाऱ्यावर सौम्य दिसतो. रत्नागिरी किंवा मालवणला मे महिन्यात ३३-३४ अंश वाचून घरचे निर्धास्त होतात. पण तेथील हवा बाष्पाने जड असते. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे कोकणातील ३४ अंश शरीराला प्रत्यक्षात बरेच अधिक वाटतात. जून ते सप्टेंबर दर्या खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, आणि कोळीबांधव नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहून मगच होड्या लोटतात. ज्या पाण्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे दर्यावर्दी मान देतात, त्यात पावसाळी सहलीच्या भरात वृद्धांनी गुडघाभरही उतरू नये. आश्विनातला उकाडाही त्रासदायक असतो.

किनाऱ्याचा खरा काळ मार्गशीर्ष आणि पौष, फार तर माघापर्यंत. हवा कोरडी होते, सकाळी गारवा असतो, पाणी शांत असते. फक्त नाताळापासून नववर्षापर्यंतचा आठवडा टाळावा. तेव्हा गोव्यात आणि तारकर्लीला गर्दीमुळे रस्ते तुंबतात, आणि अडचणीच्या वेळी रुग्णालयाकडे जाणारी गाडीही त्याच कोंडीत सापडते. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा सर्वांत निवांत. रत्नागिरीपर्यंत रेल्वेने जाऊन गणपतीपुळे, किंवा कुडाळला उतरून तारकर्ली, हा प्रवास मोटारीने दिवसभर बसून जाण्यापेक्षा कंबरेला आणि पायांना सुखाचा. मोटारीनेच जायचे असेल, तर दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, म्हणजे पायांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो.

किनाऱ्यावर चालण्यासाठी ओहोटीची वेळ निवडावी. भरती-ओहोटी साधारण सहा तासांनी बदलते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू पावलांना आधार देते. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो आणि गुडघे भरून येतात. मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये. पायांच्या संवेदना मंदावलेल्या असतील तर तापलेली वाळू भाजते, शिंपला कापतो आणि संध्याकाळपर्यंत पत्ताही लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी सोबतच्या माणसाने तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. गणपतीपुळ्याच्या समुद्राचे दर्शन मनोहर असले, तरी तेथील पाणी पोहण्यास धोक्याचे आहे, हेही ध्यानात असावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. कुपी बंद मोटारीत किंवा उन्हात ठेवू नये. ती बर्फाला चिकटून गोठली, तरीही निकामी होते. मातीच्या ओलसर मडक्यात किंवा थंडाव्याच्या पिशवीत ती सुरक्षित राहते. उष्णतेत इन्सुलिन त्वचेखालून लवकर शोषले जाते, म्हणून साखर अचानक उतरू शकते. खिशात साखरेच्या पुड्या असाव्यात.

अलीकडे अनेक घरांतील मंडळी आईवडिलांना घेऊन केनियाला जातात, कारण तेथे सफारी आणि समुद्र एकाच प्रवासात साधतात. तेथील लांब पावसाचा काळ मार्च ते मे. जुलै ते ऑक्टोबर हे मसाई मारातील वन्यजीवांसाठी आणि हवेसाठीही चांगले दिवस. पण खरा प्रश्न लसीचा आहे. केनियाहून परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते. ही लस जिवंत विषाणूची आहे, आणि साठीनंतर तिचे गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा अधिक आढळतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांना ती देत नाहीत. सूट मिळाल्याचे वैद्यकीय पत्र असले, तरी परतल्यावर ६ दिवसांपर्यंतचे विलगीकरण टळेलच असे नाही. तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी डॉक्टरांचे मत घ्यावे. तिकिटे काढून मग लसीचा विचार करणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जोडणे होय.

कोठेही गेलात तरी काळजीवाहकाने काही चिन्हे ओळखली पाहिजेत. उन्हातून आलेली वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, दिशा विसरली, अंग तापले आणि चाल अडखळली, तर 'थकले असतील' म्हणून झोपवून ठेवू नये. हा उष्माघात असू शकतो. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. मुक्कामापासून जवळचे मोठे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे निघण्याआधीच कागदावर लिहून ठेवावे. ताडोबाच्या जंगलात मोबाईल नेऊ देत नाहीत, आणि कोकणातील घाटांत संपर्क तुटतो.

शेवटी मुलासुनांना एक विनंती. शाळेची सुट्टी मे महिन्यात असते म्हणून आजी-आजोबांना वैशाखात चंद्रपूरला नेऊ नका. त्यांच्यासाठी फाल्गुनातला एक शनिवार-रविवार वेगळा काढा. नातवंडांची दोन दिवसांची शाळा बुडाली तरी भरून निघेल. आणि आईवडिलांनो, 'तुमची सोय बघा, आम्हाला कधीही चालेल' असे म्हणू नका. तुम्हाला कधीही चालत नाही. तुम्हाला कोणता ऋतू मानवतो हे तुम्हीच मोकळेपणाने सांगितले, तर घरच्यांना नेमकी तारीख ठरवता येईल.