साक्ष की वशिला?

मराठीत ‘वशिला’ या शब्दाच्या वाट्याला जेवढी बदनामी आली, तेवढी ‘शिफारस’ या शब्दाच्या वाट्याला आली नाही. वास्तविक दोन्ही शब्द परक्या कुळातले. एकाचे मूळ अरबी, दुसऱ्याचे फारसी. फरक एवढाच की वशिला तोंडी असतो आणि शिफारस कागदावर, जावक क्रमांक आणि गोल शिक्क्यासह येते. परदेशी विद्यापीठांतील व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी लागणारी शिफारसपत्रे आमच्याकडे ज्या रीतीने तयार होतात, ती पाहता हा भेद पाळण्याचे काही कारण उरलेले नाही, असे माझे मत आहे. ते कटू वाटेल. पण ते मांडण्याची वेळ आली आहे.

मुळात शिफारसपत्र ही साक्ष असते. ‘या विद्यार्थ्याला मी शिकवले आहे, तो अडला तेव्हा काय करतो ते मी पाहिले आहे, आणि जे पाहिले ते लिहितो’ एवढाच तिचा आशय. आमच्या व्यवस्थेला या प्रकारची साक्ष देण्याची सवयच नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘चांगली’ असा एकच शब्द भरला जातो. सगळ्यांचीच वर्तणूक चांगली, म्हणजे कोणाकडेच कोणी पाहिलेले नाही. पुढे वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी या सगळ्या वाटा प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर उघडतात. तिथे शिक्षकाच्या मताला जागा नाही. पदवीपर्यंत ज्याच्याविषयी कोणी दोन ओळी लिहिलेल्या नाहीत, त्याच्याकडे एके दिवशी अचानक दोन किंवा तीन प्राध्यापकांची तपशीलवार पत्रे मागितली जातात.

आता हे कामशेतच्या बाजूने पाहू. नाणे मावळातल्या एखाद्या गावची मुलगी पहाटे जीपने कामशेत गाठते, तिथून लोकल धरून तळेगावला किंवा पुण्याला महाविद्यालयात येते. दुपारची गाडी चुकली तर घरी पोहोचायला अंधार पडतो, म्हणून शेवटचा तास संपताच ती निघते. शिक्षकांच्या खोलीत रेंगाळणे, चर्चासत्राच्या तयारीला थांबणे, सरांच्या घरी पुस्तक परत करायला जाणे, ज्यांतून शिफारसपत्रे जन्मतात ते सारे व्यवहार तिच्या वेळापत्रकाबाहेरचे. शहरातल्या मुलाला ‘ओळख’ आपोआप मिळते. हिला ती मिळवण्यासाठी लोकल सोडावी लागते. तरीही तिला ओळखणारा कोणीतरी असतोच. प्रयोगशाळेत तिच्या वहीवर लाल शाईने शेरे मारणारा, ‘तुझा प्रश्न बरोबर आहे, उत्तर मला उद्या बघून सांगावे लागेल’ असे म्हणणारा एखादा तरुण शिक्षक असतो.

पण हा शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावरचा असतो. नेमणूक वर्षातल्या काही महिन्यांची, मानधन तासांच्या हिशेबाने, पुढच्या वर्षी तो याच महाविद्यालयात असेल याची शाश्वती नाही. संस्थेच्या नावाचा ईमेल पत्ता त्याला अनेकदा मिळालेलाच नसतो, आणि परदेशी विद्यापीठांना शिफारसकर्त्याचा तसाच पत्ता हवा असतो. संस्थेच्या नाममुद्रित कागदावर लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणजे ज्याने पाहिले त्याला साक्ष देता येत नाही, आणि ज्याला साक्ष देता येते त्याने पाहिलेले नसते. राज्यातल्या महाविद्यालयांत कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवण्याचे जे धोरण चालले, त्याची चर्चा आपण नेहमी शिक्षकांच्या पोटापाण्याच्या अंगाने करतो. ती करावीच. पण त्या रिक्त खुर्च्यांनी विद्यार्थ्यांचे साक्षीदार हिरावून घेतले, हा हिशेब कोणी मांडत नाही.

मग मुलगी प्राचार्यांकडे किंवा विभागप्रमुखांकडे जाते. तिथे ठरलेले वाक्य ऐकू येते: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ या वाक्यात उदारपणा असतो असा पुष्कळांचा समज आहे. मला त्यात तुच्छता दिसते. एकवीस वर्षांच्या मुलीने आपल्याच बुद्धीची, चारित्र्याची, नेतृत्वगुणांची स्तुती वडीलधाऱ्या माणसाच्या आवाजात, तेही इंग्रजीत, लिहायची! संकोची मूल चार फिकट ओळी लिहिते. धीट मूल महाजालावरचा नमुना उतरवते, अलीकडे संगणकाकडूनच लिहून घेते. ज्याच्या वडिलांच्या खिशात पैसे आहेत ते पुण्यातल्या सल्लागाराला गाठते. तो तीन प्राध्यापकांच्या नावाने तीन वेगवेगळ्या शैलींत पत्रे तयार करून देतो. (शैलीविज्ञानाचा आमच्या अभ्यासक्रमाबाहेर झालेला हा एकमेव व्यावहारिक उपयोग असावा.) तिकडे अमेरिकेत किंवा इंग्लंडात बसलेला प्रवेशाधिकारी ही पत्रे वाचतो तेव्हा त्याला विद्यार्थी दिसत नाही, सल्लागाराची फी दिसते.

याचा फटका कोणाला? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजांतल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी दिली जाते; पण आधी विद्यापीठाचा प्रवेश हातात हवा. तो हवा तर बहुधा पत्रे हवीत. म्हणजे शासनाने उघडलेल्या दाराची किल्लीही शेवटी विभागप्रमुखांच्या टेबलाच्या खणात.

ज्यांच्या नावाने आपण या शिष्यवृत्त्यांची भाषणे करतो, त्या बाबासाहेबांच्या आयुष्यात शिफारस कशी आली ते पाहण्यासारखे आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक मुलगा पाहिला, त्याला पुस्तके दिली, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपाशी त्याच्यासाठी शब्द टाकला. त्या शब्दामागे रोजचे पाहणे होते. कोलंबिया विद्यापीठात ज्यांनी त्यांना शिकवले, त्या प्रा. एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहिले, तेही आपल्या विद्यार्थ्याचे काम माहीत असल्यामुळे. दोन्ही ठिकाणी शिफारस करणाऱ्याने आधी पाहिले, मग सांगितले.

आणि पाहणारा कोणी नसेल तर? आनंदीबाई जोशींनी २८ जून १८८३ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्जाचे पत्र लिहिले, तेव्हा आपली पूर्वतयारी तिथल्या अटींत बसणार नाही, याची त्यांना जाणीव होती आणि ती त्यांनी लपवली नाही. संस्थेने त्यांचेच शब्द साक्षीला धरले. १८८६ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. आजच्या प्रवेशाधिकाऱ्यांना हे उदाहरण कोणीतरी कळवायला हवे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातल्या एका महाविद्यालयावरून गदारोळ झाला. ब्रिटनमध्ये शिकलेल्या नंदुरबारच्या एका माजी विद्यार्थ्याने आरोप केला की महाविद्यालयाने शिक्षणाची पडताळणी करून न दिल्यामुळे आपली नोकरी गेली आणि यामागे जात आहे. महाविद्यालयाने आरोप नाकारला, वर्तनाचे कारण पुढे केले; याच विद्यार्थ्याला पूर्वी शिफारसपत्रे दिली होती, हेही सांगितले गेले. कोण खरे, याचा निवाडा मी करत नाही. माझा प्रश्न साधा आहे. ती पत्रे साक्ष म्हणून दिली असतील, तर नंतरचा शेरा कशाच्या आधारावर? आणि शेरा खरा असेल, तर ती पत्रे कशाच्या? ज्या कागदाला आपण स्वतःच साक्ष मानत नाही, तो मेहेरबानी म्हणून देता येतो आणि नाराजी म्हणून अडवताही येतो.

काही सहकारी म्हणतात, ही पत्रांची भानगडच नको, गुणच बरे. मला हे पटत नाही. गुणांना लोकल दिसत नाही. तीन वर्षे कामशेतहून ये-जा करून, घरी भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून जिने बासष्ट टक्के मिळवले, तिच्याविषयी काही सांगण्याची सोय गुणपत्रिकेत नाही. ती फक्त पत्रात आहे. म्हणूनच पत्र खोटे पडू देणे अधिक गंभीर.

महाविद्यालयांना यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला संस्थेचा ईमेल पत्ता द्यावा, आणि तो सोडून गेल्यावरही त्याने शिकवलेल्या वर्षांपुरता त्याचा साक्षीदार म्हणून अधिकार मान्य करावा. प्रत्येक शिक्षकाने सत्राअखेर विद्यार्थ्यांविषयी दोन-दोन ओळींची नोंद ठेवावी, मराठीत ठेवली तरी चालेल. इंग्रजी करण्याचे काम विभागाचे, मुलीचे नव्हे. मूल्यांकन समितीपुढे मांडण्यासाठी ढीगभर फायली आपण दरवर्षी रचतोच. त्यांत ही एक वही बसायला कपाटात जागा निघेल.