ठाण्यातून रिकाम्या हाताने परतू नका

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी इतकी मनावर घेतली आहे की, पोलीस ठाण्याची पायरीही ते तिच्यातच धरतात. दुकानाचे शटर उचकटले, गॅरेजमधून वेल्डिंगची मशीन गेली, बाजारातून गाठोडे पळवले, तरी आधी शोध सुरू होतो तो ओळखीच्या पुढाऱ्याचा. पुढारी फोन करतो, साहेब 'बघतो' म्हणतात, चहा होतो आणि आपला माणूस समाधानाने घरी येतो. खिशात कागद मात्र एकही नसतो.

लोणारच्या बाजारात बसणाऱ्या एका कापड व्यापाऱ्याची हकीकत आमच्या कानावर आली. चोरी परगावच्या गोदामात झाली होती. त्या गावाचे वा ठाण्याचे नाव घेण्यात आम्हाला स्वारस्य नाही. बँकेच्या कर्जावर माल भरलेला, मालाचा विमाही उतरवलेला. ठाण्यात जाऊन त्याने सर्व सांगितले, सही केली आणि घरी आला. विमा कंपनीने एफ.आय.आर.ची प्रत मागितली तेव्हा तो पुन्हा गेला. तेव्हा कळले की, गुन्हा नोंदलाच नव्हता. माल 'गहाळ' झाल्याची एक साधी नोंद होती आणि त्याखाली याचीच सही! विम्याचा दावा अडकला, बँकेचा हप्ता थांबला नाही.

दोष केवळ लिहून घेणाऱ्याचा, असे आम्ही म्हणणार नाही. कशावर सही करतो हे याने वाचले नाही आणि प्रत मागितली नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार करावेत, हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील ती सर्वांत मोठी आयत आहे. दहा हजारांची उधारी वहीत लिहिणारा आपला दुकानदार लाखाची चोरी तोंडी सांगून येतो, याचे आम्हाला नवल वाटते.

आता कायदा काय देतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३(२) प्रमाणे एफ.आय.आर.ची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला ताबडतोब व विनामूल्य द्यावयाची आहे. विनामूल्य म्हणजे झेरॉक्सचेसुद्धा पैसे नाहीत. ही मेहेरबानी नव्हे. जुन्या कायद्याच्या कलम १५४ मध्येही फिर्यादीला हा हक्क होताच. आपण तो मागितला नाही, एवढेच.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफ.आय.आर. नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले. नोंद नाकारली तर तीच हकीकत लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, म्हणजे आपल्यासाठी बुलडाण्याला, पाठवावी. तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हद्दीचे कारण सांगून परत पाठवण्यालाही आता आधार नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागते.

येथे एक बारीक पण छोट्या धंदेवाल्यांच्या पोटाशी भिडणारी गोष्ट आहे. नव्या कायद्याने पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र केली आहे. अशी तक्रार 'एन.सी.' म्हणून नोंदली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. त्यामुळे मैदानात माल मांडणाऱ्या बांगडीवाल्याने, फळवाल्याने गेलेल्या मालाची किंमत हिशेबाने, पावत्या जोडून लिहावी. वाढवून लिहू नये, तो खोटेपणा आहे. पण घाईत अंदाजे कमीही सांगू नये. राहण्याच्या घरातील किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतील, म्हणजे दुकान-गोदामातील, चोरी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये वेगळी धरली आहे आणि ती दखलपात्र आहे. तेथे 'रक्कम लहान आहे, एन.सी. करून घ्या' हे ऐकून घेण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या कापडवाल्याचे प्रकरण याच सदरात बसत होते.

एफ.आय.आर. हाती आली म्हणजे काम संपले असेही नाही. चोर सापडला नाही तर पोलीस न्यायालयात अंतिम अहवाल पाठवतात. आपल्याकडे त्याला 'समरी' म्हणतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. विमा कंपनीला चोरीच्या दाव्यात बहुधा हीच 'अ' समरी हवी असते. ती ठाण्यातून मिळाली नाही तर न्यायालयात नक्कलेचा अर्ज करून प्रमाणित प्रत घेता येते. तपास कोठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवण्याचे बंधनही नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. नव्वद दिवस झाले आणि काही कळले नाही, तर त्या कलमाचा उल्लेख करून दोन ओळींचा अर्ज टाकावा. अशा अर्जाने अनेकदा फाइल हलते.

उलट बाजूही पाहू. आपले नाव फिर्यादीत नव्हे, आरोपीत आले तर? भांडण शेजारच्या दुकानदाराशी आणि नाव घरातील चारही भावांचे, असे घडते. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशन प्रकरणात आदेश दिला की, आरोपीने किंवा त्याच्या वतीने कोणी अर्ज व शुल्क दिल्यास एफ.आय.आर.ची प्रत चोवीस तासांत द्यावी. शिवाय लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे वगळून एफ.आय.आर. चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी. इंटरनेटची अडचण असेल तेथे ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढते. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा बुलडाणा, मग ठाणे आणि तारीख निवडली की एफ.आय.आर. उतरवून घेता येते. घरातील दहावी शिकलेली मुलगीसुद्धा मोबाइलवर हे पाच मिनिटांत करील. दोषारोपपत्राचे मात्र तसे नाही. ते सार्वजनिकरीत्या संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असे न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. आरोपीला व पीडिताला ते न्यायालयामार्फत मिळते.

दुकानाची झडती झाली, माल जप्त झाला, तर जप्त वस्तूंच्या यादीची प्रत जागेच्या मालकाला द्यावी लागते. झडती व जप्तीचे चित्रीकरणही आता कलम १०५ प्रमाणे सक्तीचे आहे. यादी न मोजता, न वाचता सही करू नये. सणासुदीच्या आधी अनेक बांधवांच्या हाती शांतता राखण्याची नोटीस येते. जुन्या बोलीत ती '१४९ ची नोटीस', आता कलम १६८. ती घेताना लोक घाबरतात आणि घरी येऊन फाडून टाकतात. ती गुन्हा नव्हे, शिक्षाही नव्हे. पण फाडू नये, तारीख टाकून जपून ठेवावी. पुढे कोणी 'याच्यावर केसेस आहेत' म्हणाला तर काय आहे आणि काय नाही हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

बाकीच्या कागदांसाठी माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा लागू झाला. साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट आणि प्रतीला पानामागे दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो दीडशे शब्दांत बसावा. माहिती का हवी हे सांगावे लागत नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. माणसाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. मुदत उलटली तर पुढे ती माहिती फुकट द्यावी लागते.

अर्ज कसा लिहावा, येथे आपले लोक चुकतात. 'माझ्या चोरीचा तपास का होत नाही?' असे विचारले की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' हे ठरलेले उत्तर येते. 'का' विचारू नये, कागद मागावा. 'अमुक तारखेला मी दिलेल्या तक्रार अर्जाची, आवक क्रमांक अमुक, त्यावरील शेऱ्यांसह प्रत मिळावी. त्या दिवशीच्या स्टेशन डायरीतील माझ्या तक्रारीसंबंधीच्या नोंदीची प्रत मिळावी.' एवढे पुरे. तपास चालू आहे म्हणून नाकारले तर लक्षात ठेवावे की, कलम ८(१)(ज) प्रमाणे केवळ तपास चालू असणे पुरत नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येतो हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्ये सांगितले आहे. नाकारल्यास तीस दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातील वरिष्ठांकडे, आणि नंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे.

हे हत्यार दुसऱ्याच्या गळ्याला लावण्यासाठी नाही. शेजाऱ्याचे जुने प्रकरण उकरायचे, भागीदाराला धमकावायचे, असे अर्ज लिहिणारे लोक प्रत्येक तालुक्यात तयार झाले आहेत. त्यांच्यामुळेच खऱ्या अर्जदाराकडेही अधिकारी संशयाने पाहतात. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती कायद्यानेही सहसा मिळत नाही.

कागद नसल्याची किंमत किती मोठी असते, हे मुंबईने पाहिले आहे. १९९२-९३ च्या दंगलीत नऊशे मृत आणि एकशे अडुसष्ट बेपत्ता, अशी सरकारी नोंद होती. बेपत्तांपैकी एकशे आठ जणांच्या कुटुंबांना भरपाई पोचली नव्हती. कोणाचा पत्ता लागला नाही, कोणाची कागदपत्रे पुरी झाली नाहीत. अखेर सर्वोच्च न्यायालयाला ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, त्यांचे वारस शोधून व्याजासह रक्कम द्यावी असा आदेश करावा लागला. नोंदी जपण्याची जबाबदारी सरकारची होती, यात शंका नाही. पण ज्या घरात कागदाची एक प्रत होती आणि ज्या घरात नव्हती, त्यांच्यातील फरक त्या तीस वर्षांत घरच्यांनीच भोगला.

लोणारमध्ये आम्हाला एक साधी गोष्ट हवी आहे. सरोवर पाहायला लोक येतात, त्यामुळे लहान दुकाने, हॉटेले, पंक्चर व गॅरेजची कामे चालतात, आणि चोऱ्यामाऱ्या, अपघात, भांडणेही होतात. प्रत्येकाला वकील परवडत नाही. जुम्याच्या नमाजनंतर तासभर दोन शिकलेल्या तरुणांनी बसावे, बांधवांचे अर्ज लिहून द्यावेत, दोन प्रती काढाव्यात. कोर्ट फी तिकिटे व्यापाऱ्यांनी वर्गणीतून आणून ठेवावीत. अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का व तारीख घ्यावी. घेण्यास कोणी नकार दिला तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती प्रतीला टाचावी. मेहकर जवळ आहे, पण बुलडाण्याला जायचे तर धंद्याचा दिवस बुडतो. पोस्टाने ते काम शे-पन्नासात होते.