वही ती लिहिते, नाव कुणाचे?

गेल्या महिन्यात बी.कॉम. झालेली एक मुलगी भेटायला आली. लग्नाला चार वर्षे झालेली, पदरी लहान मूल. वडिलांच्या बेकरीचा जमाखर्च ती अकरावीपासून लिहीत होती. आता सासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानाचाही लिहिते. तिने विचारले, "आपा, घरी बसून आणखी चार दुकानांचे अकाउंट लिहायचे आहेत. त्याचे लायसन कुठे मिळते? एक एजंट आठ हजार मागतोय."

हिशेब लिहिण्यासाठी आपल्या देशात कोणतेही लायसन लागत नाही, हे मी तिला सांगितले. ते ऐकून ती आधी खूश झाली आणि मग तिला रागही आला. इतकी वर्षे ती ज्या दाराला कुलूप आहे असे समजत होती, त्याला कुलूप नव्हतेच.

हे काम करू पाहणाऱ्या आपल्या मुलींची संख्या मोठी आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहिते. रोजकीर्द, खतावणी, बिलांची नोंद, उधारीची यादी, बँकेच्या खात्याशी ताळमेळ, कामगारांच्या पगाराचा तक्ता, ही सगळी कामे कुणीही करू शकते. कायद्याने त्यासाठी पदवीची अट घातलेली नाही. बी.कॉम. किंवा टॅलीचे सर्टिफिकेट उपयोगी पडते ते गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून. मर्यादा आहे ती दुसरीकडे. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्यानुसार सनद नसताना स्वतःला सीए म्हणवून घेणे गुन्हा आहे. आयकरासाठी लागणारे टॅक्स ऑडिट आणि कंपनीचे ऑडिट यांवर सहीही सीएचीच लागते. आपण वह्या तयार करायच्या, ऑडिट सीएने करायचे.

जीएसटीची रिटर्न दुसऱ्याच्या वतीने अधिकृतपणे भरायची असतील तर 'जीएसटी प्रॅक्टिशनर' म्हणून नाव नोंदवता येते. वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी असलेल्यांना अर्ज करता येतो आणि नोंदणी टिकवण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. याचा फायदा असा की स्वतःचे लॉगिन मिळते. दुकानदार त्यावरून अधिकार देतो आणि हवा तेव्हा काढूनही घेतो. दहा जणांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आता स्वतःची कागदपत्रे. पॅन आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते सर्वांत आधी. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधारच्या आधारे होते आणि पूर्णपणे मोफत आहे. एजंटने मागितलेल्या आठ हजारांत तिचाही समावेश होता. ज्याला आपण 'शॉप अॅक्ट' म्हणतो, त्याच्या २०१७ च्या महाराष्ट्रातल्या कायद्यात कमी माणसे असलेल्या छोट्या आस्थापनेला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पोचपावती बँकेत कामी येते. स्वतंत्र काम करणाऱ्याला व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. हे अनेकांना माहीत नसते आणि मग थकबाकीची नोटीस येते. जीएसटीची नोंदणी मात्र सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्याशिवाय सहसा लागत नाही.

एवढेच जर आहे, तर अडते कुठे? माझ्या मते अडते ते घरात. मुलगा बी.कॉम. झाला आणि कुणाचे हिशेब लिहू लागला की त्याला आपण नोकरी म्हणतो. तेच काम मुलगी किंवा सून रात्री दहानंतर, भांडी आवरून करते तेव्हा ती 'मदत' होते. मदतीला पगार नसतो, रजा नसते आणि उद्या दुसरीकडे काम मागायला गेले तर दाखवायला अनुभवही नसतो. म्हणून ही नोंदणी महत्त्वाची. कायदा लायसन मागत नसला तरी स्वतःच्या नावाने बिल, स्वतःच्या खात्यात पैसे, स्वतःचे आयकर रिटर्न, यांतून ती बाई कागदावर दिसू लागते.

याची गरज तिच्याइतकीच आपल्या धंद्यांनाही आहे. भिवंडी-मालेगावचे छोटे यंत्रमागवाले, गॅरेजवाले, फळांचे व्यापारी, यांतले कितीतरी धंदे आजही आठवणीवर आणि खिशातल्या चिठ्ठ्यांवर चालतात. बँक कर्ज देत नाही ही आपली तक्रार असते. काही ठिकाणी त्यामागे भेदभाव असतो, हे मी नाकारत नाही. पण तीन वर्षांचा ताळेबंद हातात असेल तरच तो भेदभाव दाखवून देता येतो. कागदच नसतील तर बँकेला नाही म्हणायला वेगळे कारण शोधावे लागत नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असे ती सांगते. ती आपण पाठ करतो, वह्या मात्र कोऱ्या राहतात.

न्यायाने लिहिणे सोपे नाही. मोहल्ल्यातल्याच माणसाची कमाई आपल्याला कळते; ती नणंदेलाही सांगायची नाही. दोन वह्या ठेवायला सांगणाऱ्याला नाही म्हणायचे. खोटी बिले लावून जीएसटीचे क्रेडिट घेणे गुन्हा आहे आणि त्याला हातभार लावणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. कोणते काम, किती पैसे, कोणत्या तारखेला, हे सुरुवातीलाच कागदावर घ्यायचे. ओळखीपोटी फुकट काम सुरू केले की पुढे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

आपल्या संघटनांनी, महिला गटांनी आणि वाचनालयांनी एक रविवार काढून उद्यम आणि व्यवसाय कराच्या नोंदणीचे शिबिर घ्यावे. एक लॅपटॉप आणि फॉर्म भरता येणारी दोन माणसे पुरेशी आहेत. भाषणांची गरज नाही.

त्या मुलीला मी शेवटी म्हटले, "पहिले बिल सासऱ्यांच्या दुकानाला दे."

ती हसली. म्हणाली, "आपा, ते देतील का पैसे?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते अशा प्रत्येक दुकानाच्या मालकाने द्यायचे आहे.