शून्य म्हणजे 'नाहीं' काय?

संगणकाच्या भाषांविषयीं या सदरांत कधीं लिहावें लागेल, असें आम्हांस वाटलें नव्हतें. परंतु नुकताच घरीं एक प्रसंग असा घडला कीं, तो वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमच्या तीर्थरूपांस मधुमेह असून रोज रात्रीं जेवणापूर्वीं इन्शुलिन द्यावें लागतें. एकत्र कुटुंबांत देणारे हात अनेक. म्हणून पुतण्यानें एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला. देणारानें मात्रेचा आंकडा त्यांत लिहावा. आंकडा नसेल तर 'आजची मात्रा राहिली आहे' अशी आठवण यंत्रानें करावी. एके रात्रीं साखर फार उतरली, तेव्हां डॉक्टरांनीं आज इन्शुलिन मुळींच देऊं नये असें सांगितलें. वहिनींनीं त्याप्रमाणें ० लिहिलें. थोड्या वेळानें यंत्र म्हणालें, मात्रा राहिली आहे! काकूंनीं इंजेक्शन भरलेंही होतें. वहिनी वेळेवर स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या, म्हणून अनर्थ टळला.

पुतण्यास बोल लावण्यापूर्वीं आम्हीं चुकीचें मूळ समजून घेतलें. त्यानें प्रोग्राममध्यें 'मात्रा आहे काय?' एवढेंच विचारलें होतें. पायथन भाषेंत अशा प्रश्नापुढें शून्य आलें कीं तें 'असत्य' धरलें जातें. रिकामी यादी व कोरा मजकूर यांचीही तीच गत.

सत्य व असत्य यांस १ व ० हीं चिन्हें देऊन तर्काचें गणित मांडणारे जॉर्ज बूल हे इंग्रज गणिती. आयर्लंडांतील कॉर्क येथें प्राध्यापक असतां १८५४ सालीं त्यांनीं विचारांच्या नियमांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या पत्नी मेरी या हिंदुस्थानचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी होत. बूल यांचीं मूल्यें दोनच. परंतु इतर वस्तु त्यांपैकीं कोणत्या बाजूस बसवाव्या, याविषयीं संगणकाच्या भाषांत एकमत नाहीं.

सी भाषेंत आरंभीं सत्यासत्याचा स्वतंत्र प्रकारच नव्हता; शून्य तें असत्य, बाकी सर्व आंकडे सत्य. तो प्रकार तींत १९९९ च्या प्रमाणानें आला. पायथनमध्यें तो २००३ सालीं आला, तोही पूर्णांकाचाच पोटप्रकार म्हणून. त्यामुळें तेथें सत्यांत सत्य मिळविलें तर २ येतात! रूबी भाषेंत मात्र 'असत्य' आणि 'निल' एवढींच दोन नकाराच्या पंक्तीला बसतात. शून्य तेथें सत्यच. जावास्क्रिप्टमध्यें शून्य असत्य, पण रिकामी यादी सत्य. जावा तर मोठी सोंवळी! प्रश्नाच्या जागीं नुसता आंकडा ठेवला तर ती प्रोग्राम स्वीकारीतच नाहीं. माहितीचीं कोष्टकें चाळणाऱ्या एसक्यूएल भाषेंत सत्य व असत्य यांच्या जोडीला 'अज्ञात' असें तिसरें उत्तरही आहे.

यांपैकीं कोणतीही रीत खोटी म्हणतां येत नाहीं. पण मौन हें संमतीचें लक्षण मानण्याची आपली जुनी चाल जशी कधीं कधीं घातक ठरते, तशीच शून्य आणि मौन एक मानण्याची ही चालही घातक ठरूं शकते. त्या रात्रीचें शून्य हें डॉक्टरांनीं विचारपूर्वक दिलेलें उत्तर होतें. रिकामी जागा म्हणजे कोणीं कांहीं सांगितलेंच नाहीं. पायथनमध्यें या दुसऱ्या स्थितीसाठीं 'नन' नांवाचें निराळें मूल्य आहे, आणि नोंद 'नन' आहे काय, असेंच पुतण्याचा प्रोग्राम आतां विचारतो.

हल्लीं घरोघरीं मुलें असे प्रोग्राम लिहितात, ही आनंदाची गोष्ट आहे. वडीलधाऱ्यांनीं भाषा शिकण्याची गरज नाहीं; फक्त म्हणावें, "बाळ, शून्य लिहिलें तर काय होतें, आणि कांहींच न लिहिलें तर काय होतें, हें दोन्ही आम्हांस करून दाखव." मगच औषधासारखें काम यंत्राच्या भरंवशावर सोंपवावें. आमच्या घरीं तर आतां यंत्राशेजारीं एक पाटीही टांगली आहे, आणि गरज पडेल त्या दिवशीं वहिनी तिच्यावर अक्षरांत लिहितात : 'आज देऊं नये.'