नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश... पुढे काय?

फायनल इयरच्या प्रोजेक्टला मार्क कशाचे मिळतात? रिपोर्टचे, पीपीटीचे, व्हायव्हाचे. सेटअपचे कुणी देत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या प्रोजेक्टचा सेटअप दुसऱ्या कुणालातरी, दुसऱ्या मशीनवर, एका कमांडने बनवता येत नाही, तो प्रोजेक्ट पूर्ण झालाच नाही. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. मुद्दा सांभाळून घेऊ नका, खुशाल भांडा!)

उदाहरण आपल्याच कॅम्पसमधलं. मागच्या एका बॅचने जवळच्या गावातल्या दूध संस्थेसाठी सॉफ्टवेअर केलं. लिटर, फॅट, एसएनएफ, दर दहा दिवसांचं बिल, सगळं झकास. सेटअप मात्र एकाच मुलाच्या लॅपटॉपवर, विझार्डमध्ये क्लिक करत करत बनलेला. मुलगा पास आउट होऊन नोकरीला गेला, लॅपटॉप फॉरमॅट झाला. इकडे संस्थेचा पीसी बसला आणि सेटअपची फाइलही त्याच्याबरोबर गेली. सोर्स कोड डिपार्टमेंटमध्ये आहे, पण सेटअपमध्ये कोणत्या व्हर्जनचं काय काय घातलं होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. संस्थेचे सेक्रेटरी काका पुन्हा वहीवर हिशेब मांडताहेत. प्रोजेक्टला तेव्हा चांगले मार्क पडले होते म्हणे!

आपल्या प्रोग्रॅमला आधी डॉटनेट रनटाइम लागतो, डेटाबेसचं इंजिन लागतं, मग आपली फाइल. गावात नेट कधी असतं, कधी नसतं. म्हणून हे सगळं एकाच फाइलमध्ये बांधून द्यायचं. याला म्हणतात बंडल. आजीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गाठोडंच की!" पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मला हेच पटलं.

गाठोडं बांधायला फुकट साधनं आहेत. त्यातलं एक विक्स. नाक चोंदल्यावरचं नव्हे! विंडोज इन्स्टॉलर एक्सएमएल, म्हणून विक्स. मायक्रोसॉफ्टने २००४ साली ते ओपन सोर्स म्हणून सोर्सफोर्जवर ठेवलं. इंग्रजीत 'विक' म्हणजे दिव्याची वात, म्हणून त्यातल्या कमांडची नावंही तशीच ठेवली होती: कँडल कंपाइल करायची, लाइट लिंक करायची. २०२३ च्या चौथ्या व्हर्जनपासून या दोन्हींच्या जागी एकच कमांड आली, विक्स बिल्ड. बंडलचं काम करणारं इंजिन 'बर्न' २०१२ मध्ये तिसऱ्या सिरीजमध्येच आलं होतं.

करायचं एवढंच की एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, आधी हे टाक, मग ते, मग आमची एमएसआय. याला चेन म्हणतात. सेटअप चालताना बर्न बघतं, रनटाइम आधीपासून आहे का? असेल तर पुढे जातं. मध्येच फसलं तर टाकलेलं परत काढायचा प्रयत्न करतं आणि काय बिघडलं ते लॉगमध्ये लिहून ठेवतं. लॅबच्या साठ पीसींवर टाकायचं असेल तर 'क्वाएट' हा स्विच लावा, नेक्स्ट-नेक्स्टची गरजच नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अपग्रेडकोड. हा एक लांबलचक नंबर, जो सगळ्या व्हर्जनमध्ये तोच राहायला हवा. तो हरवला की नवा सेटअप जुन्याला ओळखतच नाही, आणि काकांच्या पीसीवर एकाच सॉफ्टवेअरच्या दोन कॉप्या बसतात. टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला नंबर सोर्स कोडबरोबर गिटमध्ये राहतो. क्लिक केलेलं कुठे राहतं? करणाऱ्याच्या डोक्यात. आणि डोकं कॅम्पस इंटरव्ह्यूत सिलेक्ट होऊन निघून जातं!

मित्र म्हणतात, "आता सगळं वेबवर आहे गं, इन्स्टॉल कोण करतं?" ठीक आहे. वजनकाट्याला जोडलेला पीसी वेबवर नेऊन दाखवा, तोही लाइट गेल्यावर. दुसरा आक्षेप असा की एक्सएमएल लिहायला कंटाळा येतो. येतोच! विक्सचं एक्सएमएल खरंच किचकट आहे, पहिले दोन दिवस डोकं उठतं. त्यापेक्षा सोपं हवं असेल तर इनो सेटअप घ्या, एनएसआयएस घ्या. ही दोन्हीही कमांड लाइनवरून चालतात.

गाठोड्यात दुसऱ्याचं सामान मात्र भरू नका. याच सोर्सफोर्जने २०१३ मध्ये सेटअपबरोबर जाहिरातींचे प्रोग्रॅम चिकटवायची स्कीम काढली. २०१५ मध्ये गिम्पच्या विंडोज सेटअपवरून त्यांची चांगलीच छी-थू झाली. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती स्कीम बंद केली.

तेव्हा सर आणि मॅडम, शंभरातले दहा मार्क सेटअपला ठेवा. व्हायव्हाच्या दिवशी कोरी व्हर्च्युअल मशीन उघडा आणि नेटची वायर काढा. आणि कमांड ग्रुपमधल्या कुणाला चालवायला लावू नका, शेजारच्या ग्रुपमधल्या कुणालाही बोलवा.