नावाचा अर्थ कुणाला विचारायचा?

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका नावावरून रामायण झाले. माझी भाची डब्लिनला असते. जावई तिकडचाच, आयरिश. त्यांना मुलगा झाला आणि दोन्ही घरांत चालेल असे नाव हवे म्हणून दोघांनी पुष्कळ डोकेफोड करून 'किरण' हे नाव पक्के केले. इकडे किरण, तिकडे किरान. तिकडे ते सी-आय-ए-आर-ए-एन असे लिहितात आणि दुसऱ्या 'ए'च्या डोक्यावर एक तिरकी रेघ देतात. उच्चार जवळजवळ तोच. वहिनींनी आनंदाने पेढे वाटले. मग एका हुशार नातेवाइकाने नावांचे पुस्तक उघडले. आयरिश 'किरान' म्हणजे काय? तर 'काळसर पोरगा'!

वहिनींचा लगेच फोन. "वन्सं, उजेड म्हणून नाव ठेवलं आणि निघाला काळोख! त्या गोऱ्यांच्या देशात आपलं बाळ आधीच सावळं. शाळेत पोरं चिडवतील त्याला. तिचं नाव तुम्हीच ठेवलं होतं ना? आता तुम्हीच सांगा तिला."

खरेच होते. पस्तीस वर्षांपूर्वी आत्या या नात्याने त्या भाचीच्या कानात मीच 'कुर्रर्र' केले होते. तेव्हा जबाबदारी माझ्यावर आली. पण आयुष्यभर शाळेत शिकवलेले असल्यामुळे वाचल्याशिवाय बोलायचे नाही ही सवय. म्हणून आधी आयरिश नावांविषयी मिळेल ते वाचून काढले, आणि भाचीला समजावण्याऐवजी वहिनींनाच समजवावे या मताची झाले.

पहिली गोष्ट, अस्सल आयरिश म्हणून जी नावे जगभर मिरवतात त्यांतली कितीतरी मुळात बाहेरची आहेत. शॉन घ्या. बाराव्या शतकात नॉर्मन लोक आयर्लंडमध्ये आले, त्यांच्या 'ज्याँ'चे आयरिश जिभेवर शॉन झाले. मूळ हिब्रू योहानान. शिव्हॉन हे त्याच नावाचे स्त्रीरूप. लिअम म्हणजे जर्मन कुळातला विल्यम. कॅटलिन म्हणजे कॅथरिन. खुद्द पॅट्रिक हे नाव रोमन, अर्थ 'उमराव'; आणि ते धारण करणारा संत ब्रिटनमधून गुलाम म्हणून पळवून आणलेला मुलगा! आपल्याला घरातले वाटणारे शीला हे नावही तिथे आहे. ते लॅटिन सिसिलियावरून आले, आणि त्याच्या मुळाशी 'आंधळा' या अर्थाचा शब्द आहे. आपल्या शीलाचा शीलाशी संबंध, त्यांच्या शीलाचा आंधळेपणाशी. म्हणून तिथल्या शीलांना कुणी आंधळ्या म्हणत नाही. फिओना हे नाव तर अठराव्या शतकात जेम्स मॅक्फर्सन या स्कॉटिश लेखकाच्या काव्यातून पुढे आले. 'गोरा, शुभ्र' या अर्थाच्या जुन्या शब्दावर बेतलेले, पण नाव म्हणून नवेच.

मग नावाचा अर्थ पुस्तकाला विचारून काय उपयोग? पुस्तक धातू सांगते. ते नाव कोणी, कशासाठी आणि काय सोसून टिकवले, हे पुस्तकाच्या एका ओळीत मावत नाही.

आयर्लंडमध्ये हे सोसणे फार जुने आहे. 1366 साली किल्केनीच्या कायद्यांनी तिथे स्थायिक झालेल्या इंग्रजांना बजावले, की आयरिश भाषा बोलायची नाही आणि इंग्रजीच नाव लावायचे. पुढच्या शतकांत राज्यकर्त्यांची भाषा कचेरीत, शाळेत, चर्चच्या वहीत शिरली आणि आयरिश माणसांची नावे वहीपुरती बदलू लागली. टायग या नावाचा अर्थ 'कवी'. वहीत तो झाला टिमोथी. का? पहिले अक्षर जुळते म्हणून! डिअरमिडचा झाला जेरेमाया. 'उजेड' या अर्थाची सोरखा झाली सारा, ग्रॉनिया झाली ग्रेस. घरात एक नाव, वहीत दुसरे. 1864 पासून सगळ्या जन्मांची सरकारी नोंद होऊ लागली, तेव्हा वहीतले नाव हेच खरे नाव ठरले. आणि टायग? उत्तर आयर्लंडमध्ये ती कॅथलिकांना द्यायची शिवी झाली. कवीची शिवी! शब्दकोशातला अर्थ तोच राहिला, रस्त्यावरचा बदलला.

हे वाचताना मी थोडी थांबले. आमच्या पिढीत लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचे नवे नाव लिहायचा. माझेही लिहिले गेले. कुणी जुलूम केला असे मी म्हणणार नाही. सगळे हसत होते, मीही हसत होते. पण शिधापत्रिकेपासून निवृत्तिवेतनापर्यंत पुढे तेच चालले. माहेरच्या नावाने हाक मारणारे माझे थोरले भाऊ तेवढे आता उरले आहेत. तेव्हा टायगचा टिमोथी होतो म्हणजे काय होते, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आयरिश लोक मात्र पुढे नावासाठी भांडले. 1893 साली गेलिक लीग स्थापन झाली आणि भाषेबरोबर नावेही परत येऊ लागली. 1905 सालचा एक खटला तर प्रत्येक मराठी शाळेत सांगावा असा आहे. डोनेगॉलच्या नीएल मॅक गिल्ला व्रीजे नावाच्या शेतकऱ्याने आपल्या गाडीवर मालकाचे नाव आयरिशमध्ये लिहिले. नाव वाचता येईल अशा अक्षरांत हवे, असा कायदा होता. आयरिश अक्षरे वाचता येण्याजोगी नाहीत असे ठरवून त्याला दंड झाला. त्याच्या बाजूने पॅट्रिक पिअर्स हा तरुण बॅरिस्टर उभा राहिला. खटला हरला. हाच पिअर्स 1916 च्या ईस्टर उठावाचा नेता, पुढे इंग्रजांनी गोळ्या घालून मारलेला.

त्या शेतकऱ्याच्या नावाचा अर्थ पाहा : 'ब्रिगिदच्या दासाचा पुत्र'. आपल्याकडे रामदास, तसा तिकडे ब्रिगिदचा दास. आणि ब्रिगिद कोण? आधी देवी, मग त्याच नावाची संत. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की ब्रिगिद आणि संस्कृत 'बृहती' ही एकाच मुळाची नावे. अर्थ 'उंच, थोर'. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या आयरिश मुली अमेरिकेत मोलकरणी झाल्या, तेव्हा 'ब्रिजेट' म्हणजेच मोलकरीण असे तिथे समीकरण झाले. बृहतीची भांडी घासणारी झाली! आज मात्र त्याच ब्रिगिदच्या नावाने 2023 पासून आयर्लंडमध्ये फेब्रुवारीच्या सुरुवातीला सार्वजनिक सुटी असते.

आता ती तिरकी रेघ. आयरिश भाषेत तिला 'फादा' म्हणतात, म्हणजे 'लांब'. ती स्वर दीर्घ करते. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाला हल्ली कुणी विचारत नाही, तरी 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक आपल्याला कळतो. शॉन लिहिताना रेघ गाळली तर उरतो 'शॅन', म्हणजे 'म्हातारा'. संगणकांनी वर्षानुवर्षे ती रेघ गाळून कितीतरी तान्ह्या शॉनना म्हातारे केले. लोकांनी तक्रारी केल्या, चिकाटी सोडली नाही, आणि 2021 च्या सुधारित भाषा कायद्यात सरकारी संस्थांनी नावे रेघेसकट नोंदवावीत अशी तरतूद झाली. एवढ्याशा रेघेसाठी एवढा खटाटोप! ज्यांना तो हास्यास्पद वाटतो, त्यांचे नाव कधी कुणी बदललेले नसते.

राहिला काळेपणा. आयरिश नावांत रंग पुष्कळ : फिन गोरा, रुआन तांबूस, किरान काळसर. सहाव्या शतकात शॅनन नदीकाठी क्लॉनमॅक्नॉइसचा मठ ज्याने स्थापला, तो सुताराचा मुलगा किरानच होता. त्या नावाकडे तिथे कुणी नाक मुरडत नाही. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने मुरडावे? कृष्ण म्हणजे काळा. त्याचाच प्राकृतातून कान्हा झाला. श्याम म्हणजे सावळा. आषाढीला पायपीट करून ज्याच्या दर्शनाला जातो, तो विठोबा काळाच. 'काळसर पोरगा' हे शब्द मराठीत आणायचे तर 'कान्हा' याहून जवळचे नाव मला सुचत नाही. वहिनी रोज ज्या बाळकृष्णाला लोणी ठेवतात, त्याचेच नाव त्यांच्या नातवाला आयरिशमध्ये मिळाले आहे.

मुलगा तिथे उपरा ठरेल, ही भीती उरते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. चिडवणारे सगळीकडे असतात. पण मालवणजवळच्या वराड गावाचे नाव लावणारा लिओ वराडकर 2017 मध्ये त्याच देशाचा पंतप्रधान झाला. लिओ लॅटिन, वराडकर मालवणी, माणूस आयरिश. शॉन आणि लिअमना ज्यांनी सामावून घेतले, त्यांना हे जड जाऊ नये.

भाचीला मी एवढेच सांगितले, की नाव बदलू नकोस आणि अर्जात ती रेघ विसरू नकोस. इंग्रजी सोयीसाठी 'के' लावून लिहिण्याचा सल्ला तिला तिकडे एकीने दिला होता. तोही मानू नकोस म्हटले. मराठीत आपण किरण लिहू, तिकडे किरान लिहिले जाईल. एकाचा अर्थ उजेड, एकाचा काळसर. मुलगा मोठा होऊन दोन्हींना स्वतःचा अर्थ देईल.

वहिनी अजून पूर्ण राजी नाहीत. परवा मात्र व्हिडिओवर बाळ पाहताना "कान्हा रे" म्हणून हाक मारताना ऐकू आल्या.