वीस मार्क की रोजचा एक तास?

"ताई, वाचलंत का? आता गणितात वीस मार्क पडले तरी पोरं पास!"

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. शेजारच्या वहिनी पेपर हातात घेऊनच आमच्या ओट्यावर आल्या. त्यांची धाकटी तेव्हा आठवीत होती. बाकी सगळ्या विषयांत हुशार, पण गणिताचा पेपर म्हटला की आदल्या रात्रीपासून पोट दुखायला लागायचं. त्यामुळे वहिनींना झालेला आनंद मी समजू शकत होते. तरी मला काही हसू येईना. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, आधी चहा घेऊ. मग ही बातमी पुन्हा एकदा नीट वाचू."

बातमी अशी होती. राज्याचा जो नवा शालेय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला, त्यात दहावीच्या गणित आणि विज्ञानासाठी एक वेगळी सोय सुचवली होती. एरवी पास व्हायला शंभरात ३५ गुण लागतात. या दोन विषयांत ज्यांना ३५ पेक्षा कमी पण २० किंवा त्याहून जास्त गुण मिळतील, त्यांनाही अकरावीला जाता येईल. मात्र त्यांच्या गुणपत्रिकेवर एक शेरा येईल. गणित आणि विज्ञानावर आधारलेल्या पुढच्या अभ्यासक्रमांना या विद्यार्थ्याला प्रवेश घेता येणार नाही, अशा अर्थाचा. ज्याला तो शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावं. हे लगेच लागू होणार नाही, नवा अभ्यासक्रम येईल त्याबरोबरच येईल, असंही तेव्हाच सांगण्यात आलं होतं.

वहिनींनी मथळा वाचला होता, शेरा वाचला नव्हता. आपण बहुतेक जणी असंच वाचतो म्हणा. गॅसवर दूध ठेवलेलं असतं!

आता या सोयीची दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर तो अन्याय होईल. गणितात गेलेली पोरं शाळाच सोडून देतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. मुलगा नापास झाला तर पुन्हा फॉर्म भरतो, नाहीतर कुठेतरी कामाला लागतो. मुलगी नापास झाली की घरात कुजबुज सुरू होते, "आता कशाला शिकवायची? स्थळं बघू." एका विषयापायी एखादीचं सगळं शिक्षण थांबत असेल, तर तिला कॉलेजचं दार उघडं ठेवणारी सोय वाईट कशी म्हणायची? जिला कलाशाखेत जायचंय, भाषा शिकायची आहे, चित्रकला करायची आहे, तिची वाट त्रिकोणमितीने का अडवावी? हा मुद्दा मला पटतो.

पण त्याच वर्षी आणखी एक निर्णय झाला होता, तो या बातमीशेजारी ठेवून बघा. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक उच्च शिक्षणासाठी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी. त्यात इंजिनिअरिंग आलं, मेडिकल आलं, फार्मसी आली, शेतीचं शिक्षण आलं. म्हणजे ज्या कोर्सची फी ऐकूनच आपण "मुलीला एवढं कुठून भरायचं" म्हणायचो, ती फीच गेली. आणि या सगळ्या कोर्सना काय लागतं? बारावी सायन्स. बीएस्सी नर्सिंगलाही तेच लागतं. म्हणजे वरच्या मजल्याचं दार मुलींसाठी सताड उघडलं, आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीशी एक शेरा येऊन बसणार. तो घ्यायचा की नाही, हे पंधरा वर्षांच्या पोरीने ठरवायचं. खरं तर तिच्या घराने ठरवायचं.

माझी काळजी इथे आहे. घर काय ठरवेल? मुलगा असेल तर क्लास लावू, पुन्हा बसवू. मुलगी असेल तर "झाली ना पास? बास झालं." वीस गुणांची सोय दोघांना सारखीच, पण दोघांच्या घरात ती सारखी वापरली जाईल याची मला खात्री नाही.

बरं, मुलींना डोकं नाही असं तर मुळीच नाही. २०२५ च्या दहावीच्या निकालात मुली ९६.१४ टक्के पास झाल्या आणि मुलगे ९२.३१ टक्के. दरवर्षी पेपरात तीच ओळ असते, 'यंदाही मुलींचीच बाजी'. मग गणिताचं भूत मुलींच्याच मानेवर का? देशभर पोरांना घरोघरी जाऊन तपासणारी 'असर' नावाची पाहणी असते. २०२३ साली तिने १४ ते १८ वयाची मुलं तपासली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं, हे निम्म्याहून कमी मुलांना जमलं. वाचनात मुली पुढे होत्या, गणितात मात्र मुलगे. म्हणजे नववी-दहावीत जे अडतं ते पुष्कळदा दहावीचं नसतंच. पाचवी-सहावीत भागाकार, अपूर्णांक, उणे संख्या यांत कुठेतरी टाका सुटलेला असतो आणि दहावीला उसवतं.

वहिनींच्या लेकीचं अगदी तेच निघालं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, ये गं वही घेऊन. मी काही गणिताची शिक्षिका नाही. नुसती शेजारी बसले. समीकरण कसं मांडायचं हे तिला येत होतं. पण उणे तीनमधून पाच वजा करायचे आले की ती कधी उणे दोन लिहायची, कधी अधिक आठ. उत्तर चुकलं की "मला बीजगणित येतच नाही" म्हणून वही मिटायची. बीजगणित येत होतं हो! वजाबाकीचं चिन्ह येत नव्हतं. सहावीच्या पुस्तकातून चार दिवस तेवढंच केलं. आधी फरक दिसेना. मग हळूहळू उत्तरं जुळायला लागली, आणि पोटदुखी कमी झाली. ती काही पहिली-बिहिली आली नाही. पण गणित सोडायचं असं ती म्हणत नाही, हे मला पुष्कळ वाटतं.

त्या दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. गणिताला सराव लागतो हे आपण सगळेच म्हणतो. पण सराव म्हणजे सलग, कुणी न उठवलेला वेळ. इतिहास भाजी निवडता निवडता वाचता येतो, कविता भांडी घासताना पाठ होते. प्रमेय तसं होत नाही. आकृती काढली, पक्ष-साध्य लिहिलं, आणि तेवढ्यात "अगं, कुकरच्या शिट्ट्या मोज" अशी हाक आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आपल्या घरात संध्याकाळी सात ते आठ हा वेळ कुणाचा असतो? मुलगा क्लासला असतो आणि मुलगी पोळपाटाशी. गणितात ती मागे पडते ती इथे.

म्हणून मैत्रिणींनो, सोय येईल तेव्हा येईल, आपण आधी तो एक तास देऊन बघू. आई दहावी शिकलेली नसली तरी चालेल. शेजारी बसणारं माणूस लागतं, सोडवून देणारं नाही. मला उमगलेल्या काही गोष्टी सांगते.

सोडवलेलं उदाहरण वाचणं हा सराव नव्हे. गाइडमधलं उत्तर वाचलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. ते झाकून कोऱ्या कागदावर उतरलं तरच आलं म्हणायचं. चुकलेलं उदाहरण चार दिवसांनी पुन्हा द्यावं, न बघता. चुकांची वेगळी वही ठेवावी, त्यात बरोबर उत्तरापेक्षा 'कुठे चुकलं' हे लिहावं. परीक्षेआधी तीच वही सगळ्यात जास्त कामाला येते.

एकाच सरावसंचाची वीस उदाहरणं ओळीने सोडवली की रीत हाताला लागते, पण कुठली रीत कधी वापरायची हे कळत नाही. म्हणून पुस्तकातला संकीर्ण प्रश्नसंग्रह सोडू नये. एक उदाहरण वर्गसमीकरणाचं, एक समरूपतेचं, एक त्रिकोणमितीचं, एक सांख्यिकीचं, असं मिसळून करावं. पेपर तसाच असतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, त्यामुळे मागच्या इयत्तेचं पुस्तक रद्दीत गेलं असलं तरी अडत नाही.

आणि आईने एकच प्रश्न विचारायचा, "हे कसं केलंस, मला सांग." सांगताना ती जिथे अडखळेल, तिथेच तिचं अडलेलं असतं.

"पण ताई, ह्या गणिताचा पुढे उपयोग काय?" वहिनींनी विचारलंच. तेव्हा मी त्यांनाच वही दिली. समजा, तुम्ही बारा हजारांचं कर्ज घेतलं, महिना एक टक्का व्याज, बारा महिन्यांत फेड, दर महिन्याला मुद्दल हजार. एक जण म्हणतो, व्याज पूर्ण बारा हजारांवर लावणार. म्हणजे महिना १२० रुपये, वर्षाचे १,४४०. दुसरा म्हणतो, जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच लावणार. मग पहिल्या महिन्याला बारा हजारांवर, दुसऱ्याला अकरा हजारांवर, असं करत शेवटच्या महिन्याला एक हजारावर. यांची बेरीज म्हणजेच दहावीतली अंकगणिती श्रेढी. पहिलं पद अधिक शेवटचं पद, तेरा हजार. त्याला पदांच्या निम्म्याने, म्हणजे सहाने गुणा. ७८,००० झाले. त्याचा एक टक्का ७८० रुपये. दर तोच, 'एक टक्का', पण खिशातून जाणारे पैसे जवळजवळ दुप्पट. वहिनी बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गल्लीत पैसे वाटायला येतो तो पहिलाच हिशेब लावतो."

सांख्यिकीचंही तसंच. पाच बायकांची महिन्याची कमाई चार हजार, साडेचार, पाच, साडेपाच आणि एकतीस हजार असेल, तर बेरीज पन्नास हजार आणि सरासरी दहा हजार. कागदावर सगळ्या सुखात! पण ओळीत मधोमध उभी असलेली बाई पाच हजारच मिळवते. तो मध्यक. सरासरी आणि मध्यक यांतला फरक जिला कळतो, तिला कुठल्याही योजनेच्या जाहिरातीतले आकडे सहज फसवू शकत नाहीत.

शिवाय कलाशाखा घेतली म्हणून गणित पाठ सोडत नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे, तलाठ्याच्या परीक्षेत आहे, बँकेच्या परीक्षेत तर आहेच. गावातल्या कितीतरी मुली याच परीक्षांची तयारी करतात. तिथे वीस गुणांची सोय नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. ही सोय नापासाच्या भीतीतून वाचवणारी असेल तर असू दे. पण ती आपल्या मुलीसाठी घ्यायची वेळ आली, तर सही करण्याआधी स्वतःला विचारा, हिला गणित जमलं नाही की हिला गणिताला बसूच दिलं नाही? निकालानंतर पुन्हा परीक्षा असते. ज्यांची शाळा पूर्वीच सुटली, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, आणि यात लेकीबरोबर आईसुद्धा आली.

वहिनींकडे आता सात ते आठ धाकटीला कुणी हाक मारत नाही. भाकऱ्या थोरला थापतो. पहिल्या दिवशी त्याची भाकरी त्रिकोणी झाली होती. धाकटी म्हणाली, "दादा, हा समभुज नाहीये!"